बाटलीतली माती

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर मी मातीला विचारते, "बाई गं, जिवंत आहेस का?" आणि माती उत्तर देते ते काजव्याच्या बुडातल्या ऐवजाच्या मदतीने. हे वाक्य मी एकदा आमच्या बेव्हर्ली पार्कच्या सोसायटी मीटिंगमध्ये, बागेतली हिरवळ पिवळी का पडतेय यावर खल चालू असताना, सगळ्यांसमोर बोलून बसले. तेव्हापासून सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटला की मोबाइलमध्ये डोकं घालतो आणि त्याची बायको मला "वो मिट्टीवाली आंटी" म्हणते. माझी हरकत नाही. एवढी वर्षं केमिस्ट्रीत घालवून निदान एक पदवी तरी अशी मिळाली, जी शेजाऱ्यांच्या लक्षात राहते.

लॅब भाईंदर पूर्वेला आहे. केबिन रोडवरून रिक्षा करून पुढे गेलं की एक इंडस्ट्रियल इस्टेट लागते, तिथला पहिल्या मजल्यावरचा गाळा. खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारणारा कारखाना. त्यांची मोटर सुरू झाली की आमचा तराजू थरथरायला लागतो, म्हणून मातीचं वजन आम्ही त्यांच्या चहाच्या सुट्टीत उरकतो. मालकांना आम्ही साहेब म्हणतो. गुजराती माणूस, आधी कपड्यांच्या रंगाचा धंदा. मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की पुढचा जमाना सेंद्रिय शेतीचा आहे, आणि साहेबांनी रंगाचे पिंप विकून माती तपासायची लॅब काढली. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक खतवाले. त्यांना पोत्यावर 'जिवंत' असं छापायचं असतं आणि त्यासाठी कुणाचा तरी शिक्का हवा असतो. शिक्का मिळाला नाही की ते साहेबांशी भांडतात, साहेब माझ्याशी भांडतात, आणि मी पुन्हा मोजून तोच आकडा देते.

मातीत सूक्ष्मजीव असतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्यातले जिवंत किती, हा खरा प्रश्न. ते दिसत नाहीत, हाक मारली तर ओ देत नाहीत, आणि मेलेले जिवंतांच्याच मांडीला मांडी लावून पडलेले असतात. म्हणून आम्ही त्यांचे डबे मोजतो. प्रत्येक जिवंत पेशीकडे एटीपी नावाचा रेणू असतो. तो तीन कप्प्यांचा डबा समजा. काम करायचं म्हटलं की पेशी एक कप्पा संपवते आणि लगेच पुन्हा भरून ठेवते. मेली की भरणारं कुणी उरत नाही आणि शिल्लक असेल ते शेजारीपाजारी फस्त करतात. तेव्हा भरलेला डबा दिसला की समजायचं, घरात कुणीतरी आहे.

डबे मोजायचे तर घरात घुसावं लागतं, आणि घुसलं की आतली मंडळी घाबरून भराभर खाऊन टाकतात. म्हणून मातीवर आधी थंडगार ॲसिड ओतायचं, म्हणजे जो जिथे आहे तो तिथेच थिजतो. मग नळी बर्फात धरून तिच्यात अल्ट्रासाउंडचा दांडा बुडवायचा. तो असा किंचाळतो की इस्टेटमधली कुत्री उठून बसतात. पेशी फुटतात, डबे बाहेर येतात. ते मातीच्या कणांना चिकटून बसू नयेत म्हणून आणखी एकदोन रसायनं घालायची, गाळायचं, पातळ करायचं, आणि शेवटी काजव्याचं एन्झाइम. एटीपी भेटला की ते चमकतं. जितके डबे तितका उजेड, आणि मशीन तो उजेड मोजून पडद्यावर आकडा टाकतं. पूर्वी म्हणे त्यासाठी खरोखरचे काजवे पकडून, वाळवून, त्यांची बुडं कुटायचे. आता ते एन्झाइम कारखान्यातून येतं, बर्फाच्या पेटीत बसून, माझ्यापेक्षा आरामात.

हे सगळं चाललं असतं निवांत. पण मी माहेरी तोंड उघडलं.

माझं माहेर उत्तनकडच्या एका गावात. आम्ही तिथले पिढ्यान् पिढ्यांचे ख्रिस्ती. अर्धं गाव समुद्रावर, अर्धं शेतावर आणि उरलेलं अर्धं दुबईत. तीन अर्धे होतात हे मलाही कळतं, पण आमची माणसं एका वेळी दोन ठिकाणी असतात. वडील गेल्यापासून शेत आईच बघते. पावसात भात, आणि भात कापला की त्याच ओलीवर वाल. शेताला लागून खाडी, मध्ये मातीचा बांध. दोन वर्षांपूर्वी मोठ्या भरतीने तो बांध फोडला आणि खारं पाणी आत येऊन चांगलं दोनतीन दिवस मुक्कामाला राहिलं. तेव्हापासून भात उगवतो तो उपकार केल्यासारखा.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, आईबरोबर गावातच राहतो. एसी दुरुस्तीचा त्याचा धंदा आहे, आणि मीरा रोडला एसी नसलेलं घर आता सापडत नाही, त्यामुळे तो सदा घाईत असतो. एप्रिलमधल्या एका रविवारी मी गेले होते. चर्चमधली मिस झाली होती, पुढ्यात फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, आणि डुकराच्या मटणाचं इंद्याल होतं, आणि दादाने विषय काढला. एक माणूस शेत मागतोय. लग्नाचं लॉन करायचंय. बांध, भरणी, कंपाउंड सगळं तोच करणार, दरमहा भाडं देणार.

"माती मेलीय ती," दादा म्हणाला. "खारी झालीय. आता त्यात काय उगवणार, खुर्च्या?"

"मेली न्हाय," आई म्हणाली. "दमलीय."

"दोन वर्षं दमते का माती?"

"तुजा बाप दोन वर्सां दमला होता, तवा त्याला न्हाय विकला मी."

असं बराच वेळ चाललं. इंद्याल तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर माणूस बेसावध असतो. मी म्हटलं, "भांडता कशाला? आमच्याकडे मशीन आहे. माती मेली की जिवंत, ते सांगतं."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. आईने हातातला फुगा खाली ठेवला.

"खोटा न्हाय बोलत?"

"मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला कुठे जमीन विकायचीय?"

"मंग ठरला," आई म्हणाली. "तुजी मशीन मेली बोलली तर मी सही करते. जिवंत बोलली तर ह्यानं त्या लॉनवाल्याला हाकलायचा. परत नाव न्हाय काढायचा."

दादाने टेबलावरून हात पुढे केला, आईने तो धरून हलवला, आणि मी मध्येच बसून राहिले. शेत म्हणजे काही एकरांची जहागीर नव्हे. पण त्या तुकड्यावर एकदा भरणीचा राडारोडा पडला की तो परत कुणी उचलत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आणि त्या शेताशिवाय आई सकाळी उठून काय करेल याची कल्पना मला करवत नव्हती. फुशारकी मारताना हे काहीच डोक्यात नव्हतं.

लॉनवाल्याला पावसाआधी भरणी टाकायची होती, म्हणून उत्तर त्याला मेमध्येच हवं होतं. मी फोनवर आईला सांगितलं, ओंजळभर माती दादाबरोबर पाठव, स्वच्छ पिशवीत घालून. आई बरं म्हणाली. पुढे आठवडा गेला तरी माती काही आली नाही. विचारलं की म्हणायची, "तयार न्हाय झाली अजून." माती तयार व्हायची म्हणजे काय होणार, हे मी विचारायला हवं होतं.

एका दुपारी दादा लॅबमध्ये आला. हातात पेपरात गुंडाळलेली बियरची बाटली.

साहेब केबिनमधून बाहेर आले. "बेन, ऑफिस में बियर?"

मी पेपर सोडला. तपकिरी बाटली गळ्यापर्यंत मातीने ठासून भरलेली. वर कापडाचा बोळा, त्यावर बूच, बुचावर मेण. मला क्षणात सगळं कळलं.

मे महिना म्हणजे आमच्याकडे मसाल्याचा महिना. गच्चीवर चटया टाकून मिरच्या, धणे, हळद वाळवायची, भाजायची, कुटायची, कापडातून चाळायची, आणि तपकिरी बियरच्या बाटल्यांत काठीने ठासून भरायची, म्हणजे उजेड लागत नाही आणि वर्षभर रंग उतरत नाही. आमच्यात कुणाला मान द्यायचा तर बाटली देतात. लेकीच्या सासरी बाटली, फादरला बाटली, दुबईच्या भावाला टॉवेलात गुंडाळून बाटली. आता लेकीच्या ऑफिसात वस्तू पाठवायची, साहेब लोक बघणार, आणि आपण काय ओली ढेकळं पाठवायची? आईने शेतातली माती आणली, मिरच्यांच्या शेजारच्या चटईवर पसरली, मेच्या उन्हात रोज हाताने वरखाली केली, त्यातली मुळं आणि किडे वेचून काढले, कुटली, मलमलीतून चाळली आणि बाटलीत भरली. अशी माती मी जन्मात पाहिली नव्हती. गव्हाच्या पिठाला लाजवेल असा तिचा पोत होता.

आणि आमच्या चाचणीसाठी ती पार वाया गेली होती. मातीतला जीव मोजायचा तर माती ओली लागते, शेतातून उचलली तशी, मुळंढेकळांसकट, आणि तीही लगेच. मी बूच काढून वास घेतला. आमच्या त्या 'बाटली मसाल्या'चा घमघमाट. मी सटासट शिंकले.

"दादा, याचा उपयोग नाही. हिने वाळवलीय."

"मोज."

"अरे, उन्हात मारून टाकलंय सगळ्यांना."

"तू बोललीस माती दे, मशीन सांगेल. ही माती, ते मशीन. मोज."

त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून मी मोजली. ॲसिड, बर्फ, किंचाळी, कुत्री, गाळणं, काजवा. पडद्यावर जो आकडा आला तो नुसत्या पाण्याच्या आकड्यापेक्षा जेमतेम वर होता. दादा माझ्या खांद्यावरून बघत होता. मी हातमोजे काढेपर्यंत तो जिन्यात जाऊन आईशी फोनवर बोलतही होता.

मी धावत जाऊन फोन हिसकावून घेतला. "आई, ते काही खरं नाही. तू माती वाळवलीस म्हणून असं झालं."

"मंग? ओली पाठवू तुज्या हापिसात? लोक काय बोलतील?"

"मी उद्या येते. मीच ओली माती घेऊन जाते शेतातून."

"न्हाय." आईचा आवाज अगदी साधा होता, रागबिग काही नाही. "मी दिली ती माती. नापास झाला की दुसरा पेपर मागायचा, असा आपल्यात न्हाय करत. मशीन बोलली ना? मंग झाला. रविवारी येतो तो मानूस, मी सही करते."

"आई, ऐक..."

"बाय, वालाचं बी हाय ठेवलेला, चांगला निवडलेला. दादाकडे देते उद्या. खाऊन टाक तुमी."

आईने आजवर बियाणं कुणाला खायला दिलं नव्हतं. आमच्या घरी एके काळी भाजीला पैसे नसायचे, तेव्हाही बियाण्याच्या बरणीला कुणी हात लावत नसे. मी जिन्यात उभी राहून रडले. खाली पॉलिशवाले भांडी घासत होते, त्यामुळे ऐकू कुणाला गेलं नाही, एवढंच बरं झालं. दादा मात्र समोर होता आणि चपलेकडे बघत होता.

त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्यावर, सेक्रेटरीवर आणि त्याच्या पिवळ्या हिरवळीवर यथेच्छ चिडून घेतलं. राग ओसरल्यावर डोकं चालायला लागलं. आई दुसरी माती देणार नाही. ठीक. माझ्याकडे बाटली आहे. वाळलेल्या मातीतले सगळेच मरत नाहीत. काही निर्लज्ज असतात. डबा रिकामा करतात, दार आतून लावून घेतात आणि पडून राहतात. त्यांच्याकडे आज उजेड नाही म्हणजे उद्या नसेलच असं नाही. आणि वाळलेली माती ओली करून, थोडं थांबून मग मोजायची, ही काही माझ्या पदरची युक्ती नव्हती. लॅबमध्ये आम्ही कितीदा तसं करतो. दुपारीच सुचायला हवं होतं, पण तेव्हा माझं अर्धं डोकं शिंकण्यात आणि अर्धं भांडण्यात गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादा वालाची पिशवी घेऊन आला, तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो हसला.

"सुकट पाण्यात घातली तर पोहते का?"

"सुकट नाही पोहत. मातीचं मला बघायचंय. हीच बाटली, हेच मशीन. पाणी घालायचं नाही असं कुठे ठरलं होतं?"

"आणि पाण्याबरोबर तू काय घालशील ते मला काय कळणार? तू तिची लाडकी."

तो म्हणाला ते चूक नव्हतं. मला एकच उत्तर हवं होतं, आणि ज्याला एकच उत्तर हवं असतं त्याच्या हातात नळी देऊ नये. म्हणून मी त्यालाच कामाला लावलं. बाटलीतली माती दोन भागांत वाटली. एक भाग कुकरमध्ये घालून शिजवायचा, म्हणजे त्यातलं जे काही जिवंत असेल ते नक्की मरेल. दुसरा भाग तसाच ठेवायचा. दोन्ही सारख्याच प्लास्टिकच्या कपांत भरायचे, सारखंच पाणी घालायचं. कुठला कप कुठला हे दादाने बुडाला लिहून ठेवायचं आणि मला सांगायचं नाही. उजेड दोन्हीत आला किंवा दोन्हीत नाही आला, तर मी हरले. साहेब खूश झाले. पैज म्हटली की त्यांना तारुण्य येतं. त्यांनी चहा मागवला.

निर्जंतुक करायचं मोठं यंत्र साहेबांना महाग वाटतं, त्यामुळे आमच्याकडे साधा प्रेशर कुकर आहे. शिट्ट्या व्हायला लागल्या आणि गाळ्यात मसाल्याचा असा वास सुटला की खालून पॉलिशवाल्यांचा मुकादम वर आला. "भाभी, क्या बन रहा है?" साहेब म्हणाले, "मिट्टी." तो बिचारा परत गेला, आणि त्या दिवसापासून आमच्याशी जरा जपून वागायला लागला. मग मी बाहेर जाऊन उभी राहिले, दादाने कप भरले, बुडाला मार्करने लिहिलं, वर ओलं फडकं टाकलं, कपाट बंद केलं आणि कपाटाची किल्ली खिशात घालून निघून गेला. एवढा अविश्वास माझ्या सासूनेही माझ्यावर कधी दाखवला नव्हता.

शनिवारी दुपारी तो किल्ली घेऊन आला. लॉनवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. मी डावीकडचा कप आधी घेतला. आकडा तळाशीच. उजवीकडचा घेतला. थोडा वर, पण छाती फुगवावी असा नाही. दादाने साहेबांकडे बघितलं.

"थांब," मी म्हटलं. "माती खारी आहे. मीठ असलं की काजव्याचं एन्झाइम मंदावतं. डबे असले तरी उजेड कमी पडतो. किती कमी पडतो ते बघायला मी आता दोन्हीत थोडा माहीत असलेला एटीपी घालणार."

"आता काय घालतेस? झालं मोजून."

"तू एसीतल्या गॅसचं प्रेशर गेज लावून तपासतोस ना? गेज चुकीचं दाखवतंय असं वाटलं तर काय करतोस?"

"माहीत असलेल्या प्रेशरवर लावून बघतो."

"तेच करतेय. तूच घाल."

त्याने स्वतःच्या हाताने घातला, दोन्ही नळ्यांत सारखा. एसीवाल्याचा हात स्थिर असतो. घातलेल्या एटीपीचा उजेड दोन्हीकडे अर्ध्याहूनही कमी दिसत होता. म्हणजे मीठ दोघांनाही सारखंच झोंबत होतं. मग मी दोन्ही कपांचे एटीपी न घातलेले अर्क भरपूर पातळ केले, म्हणजे मिठाचा जोर उतरला, आणि पातळ केल्याचा हिशेब धरून पुन्हा मोजले. डावीकडचा होता तिथेच राहिला, नावापुरता. उजवीकडचा चढला, चढत गेला, आणि जिथे थांबला तो आकडा पहिल्या दिवशीच्या आकड्याला लाजवणारा होता. एका दिवसाच्या पाण्यावर. कोण कुठून उठलं, मेलेल्या भाऊबंदांच्या मयताच्या जेवणावर कोण धष्टपुष्ट झालं, मिरची कुणाला किती लागली, देव जाणे. पण उठले होते, आणि डबे भरून बसले होते. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

दादाने उजवा कप उचलून उलटा केला. बुडाला लिहिलं होतं, बोंबील.

"बोंबील कच्चा की शिजवलेला?" मी विचारलं.

"कच्चा," दादा म्हणाला. "मांदेली शिजवली."

मी उडीच मारली. दादा मात्र तो कप हातात धरून स्टुलावर बसला. मला वाटलं हरल्याचं वाईट वाटतंय. भाडं गेलं, लॉन गेलं. मी म्हटलं, जाऊ दे रे, बांधाचं आपण दोघं मिळून बघू.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"माती जिवंत आहे ते. बांधाच्या कडेला गवत येतं, बेडूक ओरडतात. मेलेल्या मातीत बेडूक येतात काय?"

"मग हा तमाशा कशाला?"

त्याने कप टेबलावर ठेवला. "गेल्या पावसात आई बांधावरून पडली. खाली चिखलात. उठता येईना तिला. किती वेळ पडून होती ते ती सांगत नाही. पलीकडच्या शेतातल्या बाईला ती दिसली म्हणून. मी काशीगावला होतो, कुणाचा तरी एसी उघडून बसलेलो. मला शपथ घातली, तुला सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेली शेतावर." "माती मेली असं ठरलं असतं, तर ती घरी बसली असती. दुसरं काय करू मी? बांधून ठेवू तिला?"

साहेब केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. मला दादाचा भयंकर राग आला, मग आईचा आला, आणि मग कुणाचाच येईना. मी टेबलावरची ती रिकामी बाटली उचलली.

"ही बघ," मी म्हटलं. "हिच्यातली माती आईने उन्हात वाळवून किती मायेने साफ केली. किडे वेचले, चाळली, बूच लावलं, वर मेण. काही लागायला नको, काही व्हायला नको. आणि पहिल्या दिवशी आमच्या मशीनने काय सांगितलं? मेली. तू आईचं हेच करणार होतास."

दादाचा चहा केव्हाच गार झाला होता, तो त्याने एका घोटात संपवला आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागला. ती त्याच्या हातातच होती.

रविवारी लॉनवाला आला. बरोबर फोटोंचा अल्बम, त्यात प्लास्टिकच्या फुलांच्या कमानी आणि हत्तीच्या आकाराचं कारंजं. आईने त्याला सरबत दिलं आणि सही करायला चष्मा पुसून ठेवला. दादा म्हणाला, "नाही जमणार, भाऊ." तो माणूस बराच वेळ समजावत राहिला, मग अल्बम घेऊन गेला. आई दादाकडे बघत राहिली.

"काय झाला?"

"मशीन बोलली, जिवंत हाय."

"त्या दिवशी मेली बोललेली."

"तीच माती," मी म्हटलं. "तुझ्याच बाटलीतली. पाणी घातलं आणि एक दिवस ठेवली. उठली."

आईने चष्मा परत डबीत घातला. "पाणी घातल्यावर उठनार न्हाय तर काय," ती म्हणाली. मग माझ्या पर्सकडे बघत हात पुढे केला. "माजा वाल कुठं हाय?"

पिशवी माझ्या पर्समध्येच होती, गाठही न सोडलेली. ती घेऊन आईने आधी दाणे मोजल्यासारखे चाचपले, माझ्यावर तिचा तेवढाच विश्वास, आणि बरणी उतरवून त्यात ओतले. बांधावरून पडल्याचं मला कळलंय हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादाने शपथ मोडल्याबद्दल आम्हा दोघांनाही जेवायला मिळालं नसतं.

बांध दादाने मित्रांना धरून पावसाआधी बांधून घेतला. भात बेताचाच झाला. माती जिवंत असणं वेगळं आणि पोटभर पिकणं वेगळं, हे आमचं मशीन सांगत नाही, आणि मीही माहेरी आता मशीनबद्दल फारसं बोलत नाही. भात कापल्यावर आईने वाल पेरला. दादा हल्ली पहिला एसी उशिरा उघडतो. रोज सकाळी तो आईबरोबर शेतावर जातो, प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतो आणि मोबाइलमध्ये बघत असल्याचं सोंग करतो. आई का बसलास म्हणून विचारत नाही. ती फक्त त्याला खुर्ची थोडी सरकवायला सांगते, कारण तो नेमका पेरलेल्या वालावर बसलेला असतो.